मनगटातला शॉर्टकट

आत्याच्या डाव्या मनगटावर बोटं टेकवली की खाली काहीतरी अखंड थरथरत असतं. ती नाडी नव्हे. नाडी ठोका देते, थांबते, पुन्हा देते. हे थांबतच नाही. प्रत्येक ठोक्याला जोर थोडा चढतो, उतरतो, पण थरथर चालूच राहते. कान लावला तर घूं-घूं असा आवाजही येतो. डायलिसिस युनिटमध्ये याला थ्रिल म्हणतात आणि रोज सकाळी उठल्याउठल्या पेशंटनं ती हात लावून तपासायची असते. लागत असेल तर चहा टाकायचा. लागत नसेल तर चहा राहू द्यायचा आणि आधी हॉस्पिटल गाठायचं, कारण आत गुठळी झालेली असू शकते.

ही थरथर जन्माची नाही, करून घेतलेली आहे. दोन्ही किडन्या हात टेकायला लागल्यावर सर्जननं तिच्या मनगटातली एक शीर कापून शेजारच्या धमनीला शिवून टाकली. याला फिस्टुला म्हणतात. तेवढ्याच जागेपुरती भूल, फार मोठं ऑपरेशन नाही, संध्याकाळी बाई घरी येऊन टीव्हीसमोर बसल्या. पण त्यामागचा विचार मला ऑपरेशनपेक्षा भारी वाटतो. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागतं. शिरा कातडीलगत असतात, सुई घालायला सोप्या. पण त्यांतलं रक्त संथ. त्यांच्यातून एवढं ओढायला गेलं तर त्या चपट्या होऊन बसतात. धमनीत जोर असतो, पण ती खोल असते आणि आठवड्यातून तीनदा तिला टोचत राहणं म्हणजे संकट ओढवून घेणं. मग धमनीचा जोरच शिरेत सोडून द्यायचा. मनगटातल्या धमनीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जातं. फिस्टुला तयार झाला की तोच आकडा सहाशेच्या वर, कधी हजारापर्यंत पोचतो. शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि ती जाड सुया सोसायला लायक होते. त्याला दीड-दोन महिने जातात. तोवर आत्या स्पंजचा पिवळा बॉल दाबत बसायची. डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हातात गेल्या, त्यामुळे आता ती भाजी निवडताना स्वयंपाकघरात लग्नघर असल्यासारखा आवाज येतो. डाव्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, पिशवी अडकवणं नाही, त्या कुशीवर झोपणं नाही.

तिच्याबरोबर युनिटमध्ये बसून बसून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. रक्त शरीरात गोल फिरतं हे आपण चौथी-पाचवीपासून घोकत आलोय: हृदय, धमन्या, केशवाहिन्या, शिरा, परत हृदय. आकृतीत लाल आणि निळा रंग भरला की पाचपैकी पाच. पण या वर्तुळातला एक टप्पा असा आहे की तो दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि त्याच्यापायी जगातल्या हुशार माणसांना हजार-दीड हजार वर्षं वर्तुळच दिसलं नाही. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हा तो टप्पा. आणि आत्याच्या मनगटात सर्जननं नेमका तोच गाळून टाकलाय. गाळल्यामुळेच तो किती महत्त्वाचा, हे मला कळायला लागलं.

दुसऱ्या शतकातल्या गेलेननं जे लिहून ठेवलं होतं ते पुढे चौदाशे वर्षं चाललं. तो ग्लॅडिएटर लोकांचा वैद्य होता, जखमा भरपूर पाहिलेला माणूस. धमन्यांत हवा नसून रक्त असतं, हे त्यानंच दाखवलं. पण त्याच्या मते रक्त तयार होतं यकृतात, खाल्लेल्या अन्नापासून. तिथून ते शिरांवाटे अंगभर जातं आणि जिथं जातं तिथं खर्ची पडतं. रोज नवं रक्त, रोज नवा खर्च. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या भागातून मधल्या पडद्याच्या बारीक भोकांवाटे डाव्या भागात झिरपतं. ही भोकं कुणी पाहिली नव्हती, कारण ती नाहीतच. पण गेलेननं म्हटलंय म्हणजे असणार, आपल्यालाच दिसत नसणार, असं समजून पिढ्या निघून गेल्या. यात हसण्यासारखं काही नाही. प्रेतात धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडतात आणि शिरा भरलेल्या; नुसतं कापून बघणाऱ्याला गेलेनचं म्हणणं पटण्याजोगंच होतं.

हे मोडलं ते हिशेबानं. विल्यम हार्वे हा इंग्लंडच्या राजाचा डॉक्टर, शिकलेला इटलीतल्या पादुआला. १६२८ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, त्याचं लॅटिनमधलं बहात्तर पानांचं पुस्तक फ्रँकफर्टला छापून आलं. त्यात प्राण्यांवरचे प्रयोग पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत जोरकस आहे तो एक साधा गुणाकार. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं? त्यानं मुद्दामच हात आखडून अंदाज धरला: अर्धा औंस. अर्ध्या तासात ठोके किती? तेही कमीच धरले: हजार. म्हणजे अर्ध्या तासात पाचशे औंस, चौदा-पंधरा किलो रक्त हृदयातून बाहेर पडतं. एवढं रक्त अख्ख्या माणसात नसतं. यकृताला अर्ध्या तासात एवढं बनवायचं तर माणसाला किती जेवावं लागेल? आणि हातापायांनी ते खर्च करायचं ठरवलं तरी ते साठवणार कुठे? तेव्हा नवं रक्त येत नाही, जुनंच परत येतं. दुसरा मार्गच उरत नाही. (आज आपल्याला माहीत असलेला आकडा ठोक्याला सत्तर मिलिलिटरच्या आसपास आहे, म्हणजे हार्वेच्या अंदाजाच्या चौपट-पाचपट. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर साधारण पाच लिटर. अंगात रक्तही तेवढंच. विश्रांतीत असताना मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं.)

आत्यानं नोकरीची सगळी वर्षं एका दूध संस्थेत हिशेब लिहिण्यात काढली. एकदा मशीनवर असताना तिनं टेक्निशियन पोराला विचारलं, "हे तीनशे-तीनशे म्हणतोस ते काय?" मिनिटाला तीनशे मिलिलिटर, आजी. चार तास. तिनं डोळे मिटून गुणलं. "बहात्तर लिटर? अरे, माझ्यात आहे कुठे एवढं?" तिच्या वजनाच्या बाईत साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तेच ते वीस वेळा जातंय आणि येतंय." हार्वेचा सिद्धान्त तिनं पलंगावर पडल्यापडल्या, एका हाताला दोन सुया टोचलेल्या असताना मांडला. तिला यात नवल वाटलं नाही. तिच्या संस्थेत एक सभासद होता, गोठ्यात दोन म्हशी आणि रोज चाळीस लिटर दूध घालायचा. म्हशी देऊन देऊन देणार किती? तिनं वही चेअरमनपुढे ठेवली. एक तर पाणी, नाहीतर दुसऱ्याचं दूध. मी म्हटलं, आत्या, हार्वेसमोर हाच पेच होता, फक्त उत्तर तिसरं निघालं. "तिसरं उत्तर दुधात चालत नाही," ती म्हणाली. "एकदा मापलेलं दूध परत कॅनमध्ये ओतून पुन्हा मापाला आणलं तर ती चोरीच."

हिशेब पटला तरी डोळ्यांना काही दाखवावं लागतं. हार्वेचा दंडाला पट्टी बांधण्याचा प्रयोग कुणालाही करता येतो, आणि खरं म्हणजे रक्त काढायला येणारा लॅबवाला तो रोज करतो. पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी लागत नाही, पंजा पांढरा पडतो, गार होतो. पट्टीच्या वरच्या बाजूला धमनी धडधडत राहते. आता पट्टी थोडी सैल करा. नाडी परत येते आणि पट्टीच्या खालच्या शिरा टरारून फुगतात. खोल धमनीची वाट मोकळी झाली, कातडीलगतच्या शिरेची अजून बंद आहे. रक्त पंजात आलं आणि परत जायला अडलं. म्हणजे येण्याची वाट धमनी, जाण्याची वाट शीर. गेलेनच्या म्हणण्याप्रमाणे शिरेतून रक्त पंजाकडे जात असतं तर फुगायला हवी होती पट्टीच्या वरची बाजू.

त्या फुगलेल्या शिरेवर मध्येमध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतात. त्या झडपा. एका बोटानं शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं रक्त पुढच्या उंचवट्यापलीकडे निपटत न्या. मधला तुकडा सपाट होतो आणि सपाटच राहतो. वरून रक्त खाली येत नाही. खालचं बोट उचललं की तो क्षणात भरतो, खालून. मी हे माझ्या हातावर करून बघितलंय. माझ्या मुलीनं पण करून बघितलं आणि नंतर शाळेच्या बसमध्ये निम्म्या मुलांच्या हातांना रुमाल बांधलेले होते. या झडपांचं नीट वर्णन हार्वेच्या पादुआच्या गुरूनं, फॅब्रिसियसनं करून ठेवलं होतं. पण त्याला वाटलं, रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून वेग कमी करायला त्या असाव्यात. सगळ्या झडपा हृदयाकडेच उघडतात, म्हणजे ही एकेरी वाट आहे, हे शिष्याच्या डोक्यात आलं. म्हातारपणी हार्वेनं शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलला सांगितलं होतं की मूळ कल्पना सुचली ती या झडपांवरून.

त्याला याची किंमत मोजावी लागली. पुस्तक आल्यावर त्याची प्रॅक्टिस बसली, लोक त्याला चक्रम म्हणायला लागले, असं त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीनं लिहून ठेवलंय.

आता इथं कुणीतरी विचारणारच, आपल्याकडे हे आधी माहीत नव्हतं का? चरकात हृदयाशी जोडलेल्या दहा मोठ्या वाहिन्यांचा उल्लेख आहे, शिरा कापून रक्त काढण्याचं तंत्र सुश्रुतात बारकाईनं दिलंय. ते मोठं काम आहे आणि त्याच्या जागी मोठंच आहे. पण जातं ते परत येतं हे सिद्ध करणारी मापं त्यात मला दिसत नाहीत, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरानं ती तिथं येतील असंही नाही. हार्वेच्या आधी वर्तुळाच्या जवळ पोचलेला माणूस शोधायचा तर कैरोला जावं लागतं. इब्न अल-नफीस यानं १२४२ साली स्पष्ट लिहिलं की हृदयाच्या मधल्या पडद्याला भोकं नाहीत. उजवीकडचं रक्त फुप्फुसात जातं, तिथं हवेशी त्याची गाठ पडते आणि मग ते डावीकडे येतं. म्हणजे अर्धं वर्तुळ त्याला सापडलं होतं. त्याचं हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं, तोवर युरोपातल्या अभ्यासकांच्या ते गावीही नव्हतं. मायकेल सर्व्हेटसनं हेच फुप्फुसाचं वळण धर्मावरच्या पुस्तकात लिहिलं आणि १५५३ मध्ये जिनिव्हाला त्याला जिवंत जाळलं. रक्तासाठी नव्हे, धर्ममतांसाठी. पण पुस्तकाच्या प्रतीही त्याच्याबरोबर जळाल्या.

हार्वेच्या वर्तुळात मात्र एक भोक राहिलं होतं, आणि त्याच्या टीकाकारांनी बोट ठेवलं ते तिथंच. धमनी बारीक होत होत जाते आणि दिसेनाशी होते. पलीकडे शीर बारीकशी सुरू होते आणि जाड होत जाते. मधे काय? हार्वेकडे भिंग होतं, पण एवढं बारीक दाखवणारं नव्हतं. मांसातल्या सच्छिद्र जागांतून रक्त पलीकडे जात असावं, असं त्यानं धरून चाललं. १६५७ साली तो गेला तेव्हा ती जागा रिकामीच होती. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीनं बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बेडकाचं फुप्फुस पातळ, आरपार दिसणारं. त्यात त्याला धमनीच्या शेवटच्या फांदीपासून शिरेच्या पहिल्या फांदीपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं दिसलं. या कामापायी बेडकांची जातच संपवत आणली, असं त्यानंच लिहिलंय.

मी ते जाळं पाहिलं ते एफवाय बीएस्सीच्या झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला. ओल्या कापसात गुंडाळलेला गप्पी मासा, फक्त शेपूट काचपट्टीवर मोकळी. सर म्हणाले, दोन मिनिटांत बघा आणि मासा पाण्यात सोडा. नजर लागायला थोडा वेळ गेला. आधी नुसत्या काळ्या-पिवळ्या रेघा, मग त्यातली एक रेघ हलते आहे असं वाटलं. एका जाडशा नळीतून पेशी इतक्या जोरात जात होत्या की वेगळ्या दिसतच नव्हत्या. तिच्यापासून निघालेल्या बारीक फाट्यात मात्र त्या एकेक करून, एकामागे एक, अंग चोरून निघाल्या होत्या. वळणावर एक अडली, मागच्या तिला टेकून थांबल्या, सगळी ओळ किंचित मागे सरकली आणि मग एकदम पुढे गेली. माझ्या मागे रांगेत उभी असलेली पोरं ओरडायला लागेपर्यंत मी डोळा काढला नाही.

माणसाची तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केशवाहिन्या पाच ते दहा मायक्रॉन. म्हणजे बऱ्याच ठिकाणी पेशीला दुमडून, लांबट होऊन घुसावं लागतं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत रक्ताचा वेग सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर. केशवाहिनीत आल्यावर सेकंदाला जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. वाट अरुंद झाली की वेग वाढायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण वाट एक नाही, फाटे अब्जावधी आहेत, आणि सगळ्या फाट्यांची रुंदी मिळून महाधमनीच्या कित्येक पट होते. म्हणून रक्त संथावतं. मिलिमीटरभर लांबीच्या त्या नळीत एक पेशी सेकंद-दोन सेकंद असते. ऑक्सिजन उतरवणं, कार्बन डायऑक्साइड उचलणं, साखर पोचवणं, घाण गोळा करणं ही सगळी कामं त्या सेकंद-दोन सेकंदांत, पेशीभर जाडीच्या भिंतीतून होतात. बाकी सगळी नुसती ने-आण. धमनीतून जाताना रक्त कुणालाही काही देत नाही, शिरेतून परतताना कुणाकडून काही घेत नाही.

आत्याचा फिस्टुला ही अशी वाट आहे की जिथं रक्त प्रचंड वेगानं जातं आणि हाताला काहीही न देता परत येतं. थंडीत तिच्या डाव्या हाताची बोटं उजव्यापेक्षा गार लागतात. काही जणांच्या बाबतीत हे इतकं होतं की बोटं दुखायला लागतात, काळीनिळी पडतात आणि फिस्टुला दुरुस्त करावा लागतो; जवळची सोपी वाट मिळाल्यावर रक्त पुढे पंजात जायला नाखूश असतं. हृदयालाही हे फुकट पडत नाही. मिनिटाला अर्धा-एक लिटर जास्तीचं रक्त त्याला फिरवावं लागतं, म्हणून अधूनमधून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बघतात. एक गंमत डॉक्टरांनी आम्हाला करून दाखवली. त्यांनी फिस्टुला अंगठ्यानं घट्ट दाबला आणि आत्याच्या दुसऱ्या हाताची नाडी मला मोजायला लावली. ती मंदावली. शॉर्टकट बंद झाला की धमन्यांतला दाब वाढतो, मेंदूला ते कळतं आणि तो हृदयाला सबुरीनं घ्यायला सांगतो. अंगठा काढला, नाडी परत वाढली. "पुरे आता," आत्या म्हणाली, "चालू मीटरशी खेळू नका."

मनगटात गाळलेला टप्पा मग पलंगाशेजारी प्लॅस्टिकमध्ये बांधावा लागतो. डायलायझर म्हणजे हातभर लांबीची एक पारदर्शक नळी, आत केसासारख्या हजारो पोकळ तंतूंचा जुडगा. तंतूंच्या आतून रक्त एका दिशेला, बाहेरून औषधी पाणी उलट दिशेला. भिंतीला इतकी बारीक छिद्रं की युरिया, पोटॅशियम, जास्तीचं पाणी बाहेर पडतं आणि पेशी, प्रथिनं आत राहतात. एका तंतूची आतली रुंदी दोनशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केशवाहिनीच्या वीस-तीस पट. माणसाला अजून त्यापेक्षा बारीक काही जमलेलं नाही, निदान रोजच्या वापराचं. पाणी मिनिटाला पाचशे मिलिलिटरनं जातं, चार तासांत एकशेवीस लिटर. इकडे आत्याला दिवसाला पाणी, चहा, आमटी सगळं धरून लिटरभर. तिनं एका बाटलीवर मार्करनं खुणा केल्यात आणि आमटीच्या वाटीचंही ती त्यात धरते. गटारात जाणाऱ्या त्या एकशेवीस लिटरबद्दल तिचं मत मी इथं लिहीत नाही.

हे यंत्र पहिल्यांदा चाललं ते दुसऱ्या महायुद्धात. नेदरलँड्समधल्या काम्पेनला विलेम कॉल्फ या डॉक्टरनं १९४३ साली सॉसेजवर चढवायचा सेलोफेन लाकडी ड्रमला गुंडाळून ते बनवलं. पहिले पेशंट दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि जगली. पण नंतर पंधरा वर्षं डायलिसिस फक्त थोड्या दिवसांच्या आजारासाठीच उपयोगी होतं, कारण दर खेपेला नवी धमनी, नवी शीर लागायची आणि त्या लवकर संपायच्या. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरनं १९६० मध्ये टेफ्लॉनची नळी कायमची हातावर बसवली. ती चालली, पण तिच्यात गुठळ्या व्हायच्या, जंतू शिरायचे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या ब्रेशा, चिमिनो आणि अॅपल यांनी नळीच काढून टाकली आणि माणसाची शीर माणसाच्या धमनीला जोडली. त्यानंतर साठ वर्षं होत आली. सामान बदललं, मशीन बोलायला लागलं, पण मनगटातली ती युक्ती तीच आहे. आमच्या युनिटमध्ये शेजारच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीनं येणारे शेतकरी, महात्मा फुले योजनेचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळणारे, ब्रॉन्क्सचं नाव न ऐकलेले लोक एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो, "थ्रिल कशी आहे?"

निरोगी किडन्यांचं काम बघितलं की मशीनची दया येते. प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅमच्या दोन वस्तू, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्या घेतात. मिनिटाला लिटरभर. दिवसाला एकशेऐंशी लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात. हे दिवसरात्र. मशीन आठवड्यातून बारा तास.

शरीरातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर एक लाख किलोमीटर भरतील, पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा, हे वाक्य युनिटच्या भिंतीवरच्या पोस्टरवर आहे. ते सगळीकडेच आहे. ऑगस्ट क्रोघ या नोबेल मिळालेल्या डॅनिश शास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी एका भरभक्कम, नुसत्या स्नायूंच्या माणसाचा हिशेब मांडला होता, तिथून ते आलं. अलीकडे पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा वीस हजारांच्या आत आला. मला पृथ्वीच्या प्रदक्षिणेपेक्षा दुसरा हिशेब आवडतो. तांबडी पेशी जगते साधारण एकशेवीस दिवस. मिनिटाला एक फेरी धरली तर तिच्या आयुष्यात पावणेदोन लाख फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत एकदा फुप्फुसाच्या आणि एकदा अंगातल्या कुठल्यातरी केशवाहिनीत अंग दुमडून घुसायचं. तिच्यात केंद्रक नसतं, त्यामुळे डागडुजी करता येत नाही. हळूहळू ती ताठर होते, एक दिवस प्लीहेच्या फटीतून वाकून निघणं जमत नाही आणि तिथंच मोडीत निघते. लोह परत जमा, बाकी पित्तात. दर सेकंदाला अशा वीस-पंचवीस लाख जातात आणि तेवढ्याच नव्या येतात.

नव्या आणायचा हुकूम किडनी सोडते, एरिथ्रोपोएटिन नावाच्या हार्मोननं. किडनी बसली की तोही बसतो. म्हणून आत्याचं हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊच्या वर जायला तयार नसतं आणि त्याचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते ती चुपचाप घेते. तिचा जीव अडकतो तो शेवटच्या दहा मिनिटांत, रक्त परत देताना. पंप थांबवून सलाइन सोडतात, ते नळ्यांतलं रक्त ढकलत अंगात नेतं. लाल नळी गुलाबी होते, मग फिकट. डायलायझरच्या टोकाला थोडी लाली उरतेच. "तेवढं पण दे," ती म्हणते. पोरगा म्हणतो, आजी, तेवढं राहतंच. मग सुया निघतात, ती स्वतः गॉज दाबून धरते. फार जोरात नाही, नाहीतर थ्रिल जाईल, फार हलकं नाही, नाहीतर साडीवर रक्त. दहा मिनिटांनी काट्यावर उभी राहते. जास्तीचं पाणी निघाल्यावर जे वजन उरायला हवं, त्याला ड्राय वेट म्हणतात.

"बावन्न चारशे."

"ड्राय वेट बावन्न ठरलंय. चारशे ग्रॅम पाणी माझ्यात ठेवलंस."

"आजी, ते साडीचे."

"मग सकाळी काट्यावर उभी राहिले तेव्हा काय नेसले होते? तेव्हा साडी वजा केलीस? दाखव ते रजिस्टर."